चाळीस किलोंत काय बसतं

आमच्या मोहल्ल्यात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा यांच्या जोडीला आणखी एक हंगाम असतो, तो बॅगा भरण्याचा. हजच्या यादीत नाव लागलं, पैशांचे हप्ते भरून झाले, टीके टोचून झाले, की घराघरांतून पलंगावर एक उघडी बॅग दिसायला लागते. येणारा-जाणारा तिच्यात डोकावतो, काहीतरी सुचवतो आणि बहुतेक वेळा काहीतरी ठेवूनही जातो. चांद्र महिन्यांचा हिशोब असल्यामुळे हा हंगाम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

मी जालना जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे हज कमिटीचं परिपत्रक कुठल्याही भाषेत आलं तरी ते माझ्याकडेच येतं. फॉर्म भरायचा, कव्हर नंबर मोबाईलवर तपासायचा, बँकेची पावती जपून ठेवायची, ही कामं आधी शेजारधर्म म्हणून केली, आता ती माझ्याच नावावर लागलीत. बॅगा भरून देणं त्यातलंच. पंधरा-वीस वर्षांत इतक्या बॅगा पाहिल्या, की बॅग पाहून माणूस सांगता येतो असं मी गमतीनं म्हणते. ज्याच्या घरी सुना जास्त, त्याची बॅग जड. ज्याने स्वतः भरली, त्याची हलकी, पण तिच्यात टॉवेल नसतो.

नियम तसा सरळ आहे. अम्मी 2023 साली गेली तेव्हा तिला दोन बॅगा होत्या, प्रत्येकी 20 किलो, आणि हातात 7 किलोंची एक छोटी. मोठ्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरच्या आत. आकडे वर्षागणिक आणि विमान कंपनीगणिक बदलतात, म्हणून ज्याने त्याने आपल्या वर्षाचं परिपत्रक वाचावं. दोरीने आवळलेली बोचकी आणि चादरीत बांधलेली गाठोडी चालत नाहीत. विमानतळावरच्या पट्ट्यावर ती अडकतात, उसवतात, आणि मग कुणाच्या चटण्या कुणाच्या कपड्यांना लागतात. बॅगेवर नाव, कव्हर नंबर, गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं. आमच्याकडे त्यावर एक रंगीत रिबन किंवा जुन्या ओढणीची पट्टी बांधतात. हे कुठल्याच परिपत्रकात नाही, पण शेकडो सारख्या बॅगांमधून आपली ओळखायला ज्या आजीला अक्षर येत नाही, तिला ती पट्टीच उपयोगी पडते.

चाळीस किलो ऐकायला पुष्कळ वाटतात. चाळीस दिवसांचा मुक्काम मांडला की दिवसाला एक किलो पडतो.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, गेले ते जहाजाने. त्या काळी मुंबईहून जेद्दाहला मोगल लाईनची जहाजं जायची. जालन्याहून रेल्वेने मनमाडमार्गे मुंबई, तिथे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात नंबर लागेपर्यंत थांबायचं, मग बंदरावर. त्यांची लोखंडी पेटी अजून आमच्या घरात आहे. रिकामीच उचलायला दोन माणसं लागतात. तिच्यात तांदूळ, डाळ, पीठ, तेलाचा डबा, स्टोव्ह, भांडी आणि वर गोधड्यांची वळकटी असा सगळा संसार जायचा. जहाजावर वजनाला कोण विचारतो? विचारायचा तो हमाल, आणि तोही मजुरीपुरता. 1995 साली ‘अकबरी’ हे शेवटचं हज जहाज मुंबईहून गेलं आणि नंतर सगळे विमानाने जाऊ लागले. प्रवास काही तासांचा झाला, पण बॅग भरणाऱ्यांच्या डोक्यातून ती लोखंडी पेटी अजून उतरलेली नाही. आजही आमच्या बायका बॅग भरतात ती जहाजासाठी. मग विमानासाठी ती परत उपसायला मी.

2023 मध्ये आमच्या मोहल्ल्यातून चार बायका निघाल्या. मेहरमशिवाय. चारही पंचेचाळीसच्या पुढच्या, तिघी विधवा, एक अशी की जिचा नवरा आहे पण गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेला. 2018 पासून हज कमिटीने अशा बायकांना चौघींच्या गटाने जायची वाट उघडली. 2023 साली देशभरातून अशा चार हजारांहून जास्त बायका गेल्या. भारताचा त्या वर्षीचा कोटा 1,75,025 होता, त्यात चार हजार म्हणजे चिमूटभर. पण आमच्या गल्लीतल्या चार होत्या, म्हणून मला ती चिमूट मोठी वाटते. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरूनही त्या वर्षी उड्डाणं होती, पण तिथून जाणं मुंबईपेक्षा बरंच महाग पडत होतं. या चौघींनी मुंबई घेतली. पैसे कोंबड्या, शिलाई मशीन, पेन्शन आणि एकीच्या विकलेल्या पाटल्यांतून उभे राहिले होते. तिथे फरक हा फरक असतो.

चौघींच्या बॅगा आमच्या ओसरीवर भरल्या. शेजारी मोसंबीचे व्यापारी राहतात, त्यांचा ताणकाटा मागून आणला आणि झोपाळ्याच्या कडीला टांगला. पहिली बॅग लावली. 29 किलो! दुसरी 27. अम्मीची 24, आणि अजून तिची औषधं बाहेरच.

मग उपसायला बसलो. सगळ्यात आधी मसाला निघाला. मराठवाड्याच्या बाईला काळा मसाला सोडून चाळीस दिवस काढ म्हणणं म्हणजे अर्धा उपवासच. मक्केत अझीझियाच्या इमारतींमध्ये स्वयंपाकाची सोय असायची, त्यामुळे मसाला आणि ज्वारीचं पीठ नेण्यात चूक काहीच नव्हती. पण त्या मसाल्यात खसखस होती. आपल्याकडे किराणा दुकानात कागदाच्या पुडीत मिळणारी खसखस सौदीत अमली पदार्थांत मोडते. ती घेऊन गेलेला माणूस हजऐवजी कोठडीत बसू शकतो. दळलेल्या मसाल्यातून खसखस वेगळी कशी काढणार? सगळा मसाला बाजूला ठेवला आणि खसखस न घालता नवा कुटला. खाला म्हणाल्या, “इसमें मजा नै आती.” मी म्हटलं, “खाला, मजा के वास्ते जा रैं क्या?” सगळ्या हसल्या, खालाही.

दुसरं खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या आठ वाट्या एका बॅगेत तळाशी होत्या. खोबरं तेलकट असतं, गरमीत ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाले चेक-इन सामानात ते घेत नाहीत. एक्स-रेत दिसलं की बॅग उघडायला लावतात. हे सांगितल्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. “नारियल से विमान जलता?” या प्रश्नाला माझ्याकडे विज्ञानाच्या मास्तरांसारखं उत्तर नव्हतं, पण वाट्या काढल्या. तिखटाची पुडी हातातल्या बॅगेतून मोठ्या बॅगेत गेली, कारण केबिनमध्ये तिखट चालत नाही. लोणच्याची बरणी घरीच राहिली. उलट मोबाईलची पॉवर बँक मोठ्या बॅगेतून हातातल्या बॅगेत आली, कारण ती सामानात टाकायला मनाई. कात्री मोठ्या बॅगेत. ती लागतेच. उमरा झाल्यावर बायकांना बोटाच्या पेराएवढे केस कापायचे असतात. एकीची मिशरीची डबी निघाली, तिच्यावर मात्र बराच वेळ वाद झाला. तो इथे लिहीत नाही.

पुरुषांना बॅग भरताना एहराम सांभाळावा लागतो. थेट जेद्दाहला उतरणार असाल तर मीकातच्या आधी, म्हणजे विमान हवेत असतानाच, नियत व्हायला हवी. त्यामुळे पुरुषांच्या त्या दोन बिनशिवणीच्या चादरी अंगावर नाहीतर हातातल्या बॅगेत हव्यात, सामानात गेल्या की गेल्या. बायकांना वेगळा एहराम नाही. साधे, सैल, शिवलेले कपडे चालतात. मग पाच जोड पुरे होतात. रात्री धुतला की सकाळी वाळतो, तिथली हवाच तशी. पण आमच्या चौघींकडे मिळून एकतीस जोड होते. लेकींनी शिवून दिलेले, सुनांनी दिलेले, माहेरून आलेले. जोडा परत केला तर देणारीचं मन दुखतं. शेवटी असं ठरलं, की प्रत्येक देणारीचा जोडा एकदा तरी अंगावर घालायचा, पण इथेच. निघायच्या आधीच्या आठवड्यात चौघी रोज नवा जोडा घालून भेटायला येणाऱ्यांसमोर बसायच्या. गल्लीत ईद आल्यासारखं वाटत होतं.

औषधांचं मात्र मी कडक ठेवलं. चाळीस दिवसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, दोन जागी विभागून. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, कारण विमानाच्या पोटात ते गोठून वाया जाऊ शकतं. ओआरएसची पाकिटं, पाण्याचा फवारा मारायची छोटी बाटली, पांढरी छत्री. छत्रीला अम्मी नको म्हणत होती. त्या जूनमध्ये तिथे पारा पंचेचाळीसच्या वर होता आणि तीच छत्री चौघींनी आळीपाळीने वापरली. पुढच्याच वर्षी, 2024 च्या हजमध्ये, तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यांतले बहुतेक परवान्याविना गेलेले, उन्हात लांब अंतर चालणारे, डोक्यावर तंबू नसलेले. जालन्याच्या उन्हाची सवय आहे असं जे म्हणतात त्यांना मी हे सांगते.

आणि खरं पाहिलं तर हजच्या मुख्य पाच दिवसांत त्या मोठ्या बॅगा खोलीवरच राहतात. मिना, अरफात, मुझदलिफा एवढ्याला खांद्यावरची एक पिशवी पुरते: एक जोडा, चटई, पाणी, गोळ्या, थोडे खजूर. मुझदलिफाला रात्र उघड्या आभाळाखाली काढायची आणि तिथून हरभऱ्याएवढे खडे वेचायचे, 49 किंवा 70. चाळीस किलोंचं सामान घेऊन निघालेली बाई तिथे उकिडवी बसून खडे मोजत असते.

परतीच्या सामानाचं ओझं मात्र जाण्याआधीच सुरू होतं, ते मागण्यांचं. भेटायला येणारा प्रत्येक जण हार घालतो, दुआ में याद रखो म्हणतो आणि हळूच विचारतो, अजवा खजूर आणाल का? एक जानमाज? नातवाला टोपी? कुणी पैसे देतात, बहुतेक देत नाहीत. अम्मीने या मागण्यांची वही केली होती. मी सहज बेरीज केली तर नुसते खजूरच 26 किलो होत होते. ही प्रथा मला मुळीच आवडत नाही. गरीब घरची बाई आयुष्यभराचे पैसे साठवून जाते आणि तिथे हरमच्या बाहेर दुकानात उभी राहून दहा रियालला किती तस्बी बसतात याचा हिशोब करते. परत आल्यावर कुणाला जास्त, कुणाला कमी दिलं यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. खजूर आता जालन्याच्या बाजारातही मिळतात, तिथलेच. काही जण इथेच घेऊन वाटतात. मला त्यात काही वाईट दिसत नाही.

माझ्या वर्गातली मुलं ‘ओझे’ हा शब्द हमखास ‘बोझे’ लिहितात. उर्दू घरात बोझ, मराठी पुस्तकात ओझे, मधल्या मधे ‘बोझे’. मी लाल रेघ मारते, पण मनात मला तो शब्द पटतो. शाळेच्या दप्तराला सरकारने मर्यादा घातली आहे, मुलाच्या वजनाच्या दहा टक्के. अम्मीचं वजन 52 किलो. त्या हिशोबाने तिने पाच किलो न्यायला हवेत, असं मी तिला म्हटलं होतं.

तिने खरोखर काढायला सुरुवात केली. आठ दिवस आधीच्या रात्री, सगळे झोपल्यावर, ती ओसरीवर बसून एकेक वस्तू बाहेर ठेवत होती. शेवटी जे राहिलं त्यात एक पांढरं कापड होतं. कफनाचं. जालन्याच्या बाजारातूनच घेतलेलं, बायकांच्या पाच कपड्यांपुरतं. ते तिथे झमझममध्ये भिजवून, वाळवून परत आणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. तसं करणं जरुरी नाही, असं मौलाना सांगतात. अम्मीलाही ते माहीत आहे. ती म्हणाली, “रैने दे. दीड किलो है.” मी राहू दिलं.

आता मामूंबद्दल लिहिते. अम्मीला विचारून लिहितेय.

माझ्या नानांची अंबड तालुक्यात दहा एकर जमीन होती. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे अम्मी. नानी आधीच वारलेल्या. सूरह निसाने हिस्से ठरवून दिलेत, मुलाला दोन वाटे, मुलीला एक. हिशोब सोपा आहे, माझी सहावीची मुलं करतील: पाच वाटे, एका वाट्याला दोन एकर. 1998 मध्ये थोरले मामू अम्मीला तहसीलच्या गावी घेऊन गेले, हक्कसोडपत्रावर सही घेतली, हॉटेलात जेवू घातलं, एक जोडा आणि पाचशे रुपये दिले. अम्मीने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हे काही आमच्यातच होतं असं नाही. शेजारच्या पाटलांच्या घरात राखीच्या साडीवर सही होते, आमच्या घरात ईदच्या जोड्यावर. फरक एवढाच, की आमच्याकडे मुलीचा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वी लिहून दिलेला आहे आणि तो आम्ही रमजानमध्ये वाचतोही.

मामू 2011 मध्ये हजला जाऊन आले. जाण्याआधी रीतीप्रमाणे घरोघर फिरले, “कहा-सुना माफ करो” म्हणत. हजला निघणाऱ्याने कर्ज फेडायचं, अमानत परत करायची, ज्याचं मन दुखावलं त्याची माफी मागायची. बंद्यांचे हक्क बंद्यांनीच माफ करायचे असतात, ते अल्लाहही माफ करत नाही, हे प्रत्येक तरबियती कॅम्पमध्ये सांगितलं जातं. पाच मिनिटं सांगितलं जातं. नंतर अर्धा तास बॅगेच्या मापावर जातो. अम्मी तेव्हा रडली होती आणि माफ म्हणाली होती.

आता अम्मीची वेळ होती. मामू निघायच्या तीन दिवस आधी हार घेऊन आले. चहा झाला. वहीत लिहायला त्यांनी सांगितलं: अजवा दोन किलो, अत्तर, चार जानमाज. अम्मी म्हणाली, “भाईजान, बॅग में जगह नै है.” ते हसले, म्हणाले, चार जानमाजचं काय वजन. अम्मी ताणकाट्याकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, “आप हज को गये तब मैं कहा-सुना माफ करी थी. वो दो एकर तो कब्बी कहेच नै, सुनेच नै. वो माफ नै करी मैं.”

मी कप उचलायला उभी राहिले होते, ती तशीच राहिले. मामूंनी टोपी नीट केली. बाहेर मोसंबीचा टेम्पो भरत होते, त्या हमालांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, “सफर के टैम पे ऐसी बातां नै करते.” आणि निघून गेले. हार तिथेच खुर्चीवर राहिला. रात्री अम्मीने माझ्या दोन्ही भावांना बसवलं. हे घर आणि अब्बांच्या नावचा प्लॉट यांत माझा जो वाटा आहे तो एका कागदावर त्यांच्याकडून लिहून घेतला, खाली सह्या. मराठीत मी लिहायला घेतलं तर म्हणाली, तू नको, धाकट्याला लिहू दे. मला म्हणाली, “मैं सही करी. तू मत करना.”

दुसऱ्या दिवशी बॅग परत ताणकाट्याला लावली. एक 18 किलो, दुसरी 11. दोन्ही मिळून 29, म्हणजे अकरा किलो मोकळे. देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघालो, मुंबईत हज हाऊसला पोचलो. तिथे इतरांच्या बॅगा काट्यावर चढत होत्या, बाजूला फरशीवर साड्या, डबे, चपला काढून ठेवल्या जात होत्या. अम्मी तिच्या बॅगेवर बसून तस्बी फिरवत होती.

ती परत आली तेव्हा दोन्ही बॅगा मिळून 33 किलो भरल्या. कफन वर होतं, त्याला एक वेगळाच वास येत होता, आता ते दादांच्या लोखंडी पेटीत आहे. खजूर सहा किलो. तस्बी एका रंगाच्या, सगळ्यांना सारख्या. झमझमची पाच लिटरची कॅन विमानतळावरच मिळाली. ती सामानात घालू देत नाहीत, प्रत्येकाला एक ठरलेली. पाच लिटर आणि वाटायची घरं नव्वदच्या आसपास. अम्मीने मोठ्या पातेल्यात साधं पाणी घेऊन त्यात झमझम मिसळलं आणि मेडिकलवाल्याकडून आणलेल्या छोट्या बाटल्यांत भरलं. प्रत्येक बाटलीसोबत सात खजूर. यादी मी वाचत होते, ती बाटल्या पुढे सरकवत होती. थोरल्या मामूंचं नाव आलं तेव्हा तिने तीच बाटली, तेवढेच खजूर पुढे केले आणि पुढचं नाव वाच म्हणाली.

मीच नेऊन दिली. मामू उठले, किब्ल्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तीन घोटांत प्यायले. त्यांच्या धाकट्या मुलाने मला दारापर्यंत सोडताना विचारलं, “आपा, वो 1998 के कागज की नकल है क्या फुप्पी के पास?” मी म्हटलं, आहे. त्याचं मोबाईलवर फोटो काढून पाठवा, एवढं तो म्हणाला. त्याच दिवशी पाठवला. सातबाऱ्यावर अजून दोघा भावांचीच नावं आहेत.